डिस्प्लेवरचे १८५ अंश नक्की कशाचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅनडात कॅल्गरीला राहणाऱ्या एका ताईंच्या आईंना तिथल्या डॉक्टरांनी दुखण्यासाठी वैद्यकीय गांजा लिहून दिला आहे, आणि तो न जाळता व्हेपोरायझरमध्ये तापवून घ्यायला सांगितलं आहे. घरात दोन यंत्रं आहेत. एक टेबलावर ठेवायचं, विजेवर आणि पंपावर चालणारं. दुसरं खिशात मावणारं, बॅटरीचं. दोन्हींवर १८५ अंश सेल्सिअस लावलं तरी टेबलावरच्या यंत्रातला पाला एकसारखा तपकिरी होतो आणि खिशातल्या यंत्रातला बराचसा हिरवाच राहतो. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय आणि डिस्प्लेवरच्या आकड्यावर किती विसंबायचं, असं ताई विचारतात.

ताई, बहुधा दोन्ही यंत्रं खरंच बोलताहेत. फक्त ती वेगवेगळ्या जागांबद्दल बोलताहेत आणि त्यातली एकही जागा पाल्याची नाही.

माझं काम तापमापकांच्या कॅलिब्रेशनचं, म्हणजे त्यांचा आकडा किती खरा ते तपासण्याचं. आधी भोसरीत केलं, आता जर्मनीत करतो. भट्ट्या, ओव्हन, इनक्युबेटर, दवाखान्यातली निर्जंतुकीकरणाची यंत्रं हा आमचा रोजचा माल. पाला तापवणारी यंत्रं क्वचित येतात, पण आली की त्यांच्याबरोबर तुमचाच प्रश्न येतो. उत्तराचा गाभा असा: सेन्सर जिथे बसवला आहे तिथलं तापमान यंत्र दाखवतं. बऱ्यापैकी यंत्रात सेन्सरची स्वतःची चूक दोन-तीन अंशांची असते. सेन्सर आणि पाला यांच्या तापमानांतला फरक मात्र दहा-वीस अंशांचा सहज असू शकतो, आणि तो झुरक्यागणिक बदलतो.

सेन्सरपासून सुरुवात करतो, कारण पहिला संशय त्याच्यावर घेतला जातो आणि बहुतेक वेळा तो निर्दोष असतो. प्लॅटिनमचा पीटी-१०० सेन्सर शून्य अंशाला १०० ओहम रोध (विजेला होणारा अडथळा) दाखवतो आणि १०० अंशांना १३८.५१ ओहम. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्याच्या ‘बी’ वर्गाला २०० अंशांवर अधिक-उणे १.३ अंश चूक माफ आहे, ‘ए’ वर्गाला अर्ध्या अंशाच्या जरा वर. के टाइप थर्मोकपलच्या, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेल्या सेन्सरच्या, दुसऱ्या वर्गाला या पट्ट्यात अडीच अंश माफ आहेत, पहिल्या वर्गाला दीड. स्वस्त यंत्रांत एनटीसी थर्मिस्टर असतो, म्हणजे तापल्यावर ज्याचा रोध उतरतो असा सेन्सर. २५ अंशांना एक लाख ओहम आणि ‘बीटा’ (रोध किती झपाट्याने उतरतो ते सांगणारा आकडा) ३९५० असलेला नेहमीचा थर्मिस्टर घेतला, तर २०० अंशांना त्याचा रोध साडेसातशे ओहमच्या आसपास उतरतो, आणि बीटा एक टक्क्याने जरी इकडेतिकडे असला तरी तिथे जवळपास तीन अंशांची चूक होते. म्हणजे सगळ्यात स्वस्त मार्गानेसुद्धा चूक तीन-चार अंशांच्या फार पुढे जात नाही. दोन यंत्रांच्या पाल्यात हिरवा-तपकिरी फरक पडायला एवढ्याने भागत नाही.

याला एक अपवाद आहे. काही यंत्रांत वेगळा सेन्सर नसतोच. हीटरच्या तारेचा रोध तापल्यावर वाढतो आणि त्यावरून यंत्र तापमानाचा अंदाज बांधतं. स्टेनलेस स्टीलच्या तारेचा रोध दर अंशाला साधारण एक हजारांश वाढतो. तार एक ओहमची असेल तर एका अंशाला एक मिलिओहम. आता हीटर काढ-घाल करण्याजोगा असेल, त्याच्या टोकांवर चिकट राप बसला असेल किंवा स्क्रू ढिला झाला असेल, तर दहा मिलिओहमचा फरक कुठल्या कुठे पडतो, म्हणजे दहा अंश गेले. तार अर्ध्या ओहमची असेल तर वीस. अशा यंत्रावर एकेका अंशाच्या पायऱ्या दिसल्या की मला हसू येतं. पायरी एका अंशाची आहे म्हणून अचूकताही एका अंशाची आहे, असं मानायला काहीच आधार नाही.

आता खऱ्या मुद्द्याकडे, म्हणजे सेन्सर बसतो कुठे याकडे. खिशातल्या यंत्रांत तो बहुतेक वेळा चेंबरच्या धातूच्या किंवा सिरॅमिकच्या भिंतीला बाहेरून चिकटवलेला असतो. पाला आत, सेन्सर बाहेर, मध्ये भिंत. यंत्र भिंत १८५ वर धरून ठेवतं आणि ते काम चोख करतं. पण वाळलेला, चुरलेला पाला उष्णता फार हळू वाहू देतो. त्यात पाल्यापेक्षा हवेच्या पोकळ्याच जास्त. चेंबर आठ मिलिमीटर रुंद असेल तर भिंतीची ऊब मध्यापर्यंत पोचायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. यंत्र मात्र भिंत तापल्याबरोबर ‘तयार’ म्हणून थरथरतं. त्या क्षणी मधला पाला भिंतीपेक्षा कितीतरी थंड असतो. तुमच्या छोट्या यंत्रातला वापरलेला पाला न ढवळता एकदा बशीत पालथा करून बघा. कडेने तपकिरी वर्तुळ आणि मध्ये हिरवं असेल तर दुसऱ्या कुठल्या मापकाची गरज नाही.

त्यात ओलाव्याची भर. ‘वाळलेल्या’ पाल्यातही दहा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पाव ग्रॅमपेक्षा जरा कमी, समजा ०.२ ग्रॅम पाला भरला, तर त्यातलं ०.०२ ग्रॅम पाणी उडवायलाच ४५ ज्यूल लागतात. पाला स्वतः २० वरून १८५ अंशांपर्यंत न्यायला साधारण ५० ज्यूल. म्हणजे जवळजवळ निम्मी उष्णता नुसतं पाणी घालवण्यात जाते आणि तेवढा वेळ पाला शंभरच्या आगेमागे रेंगाळतो. पहिला झुरका फिका लागतो तो यामुळे. ताजा उघडलेला डबा आणि महिनाभर उघडा राहिलेला डबा यांत एकाच आकड्यावर फरक पडतो, त्याचंही कारण हेच.

टेबलावरच्या यंत्राची तऱ्हा वेगळी. त्यात हवा आधी हीटरच्या ठोकळ्यातून जाते, तापते आणि मग पाल्यातून वाहते. सेन्सर ठोकळ्यात असतो. ठोकळा १८५ ला असला तरी हवा पाल्यापर्यंत पोचेतो काही अंश गमावते. चांगला उत्पादक ही तूट मोजून डिस्प्लेच्या आकड्यात भरून काढतो, म्हणजे ठोकळा मुद्दाम थोडा जास्त तापवतो. पण ही भरपाई ठरावीक हवेच्या वेगासाठी केलेली असते. पंप असेल तर वेग ठरलेला, म्हणून भरपाई लागू पडते. माणूस ओढणार असेल तर वेग त्याच्या छातीवर.

झुरक्याचा हिशेब एकदा मांडूनच बघू, कारण लोक याच गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष देतात. हवा एक ग्रॅम, एक अंश तापवायला साधारण एक ज्यूल लागतो. दमदार झुरका म्हणजे मिनिटाला दहा लिटर धरा. हे झाले सेकंदाला ०.२ ग्रॅम. ही हवा २० वरून २०० अंशांवर न्यायची तर सेकंदाला ३६ ज्यूल, म्हणजे ३६ वॅट सतत लागतात. बॅटरीच्या एका नेहमीच्या लिथियम सेलमधून ३.६ व्होल्टला हे ओढायचं तर दहा अँपिअर प्रवाह हवा. खिशातल्या अनेक यंत्रांचा हीटर एवढं देऊच शकत नाही. तो १६-२० वॅट देत असेल, तर उरलेली उष्णता भिंतीतून आणि सिरॅमिकमधून उपसली जाते. तापणारा भाग पाच ग्रॅमचा असेल तर त्याला एक अंश उतरवायला चार-पाच ज्यूलच पुरतात. दहा सेकंदांचा दणदणीत झुरका घेतला तर कागदावर चाळीस अंशांची घसरण येते. प्रत्यक्षात ती एवढी नसते, कारण भाग थंड होत गेला की हवाही त्यातून कमी उष्णता उचलते. पण घसरण होते, आणि आकडा पूर्ववत यायला काही सेकंद जातात.

हाच झुरका टेबलावरच्या यंत्राला द्या. समजा त्यात ३०० ग्रॅम ॲल्युमिनियमचा ठोकळा आहे. त्याला एक अंश उतरवायला २७० ज्यूल काढावे लागतात. त्या दहा सेकंदांत हवा ३६० ज्यूल नेईल. हीटर बंद ठेवला तरी घसरण सव्वा-दीड अंशाची. तुमच्या दोन यंत्रांतला फरक मुख्यतः इथे आहे. दोन्हींचं तापमान आणि सेन्सर सारखे मानले, तरी उष्णतेचा साठा साठ पटींनी वेगळा.

हळू, मिनिटाला तीन लिटरच्या बेताने ओढलं तर अकरा वॅट पुरतात आणि छोटं यंत्रही आपला आकडा सांभाळतं. आईंना घाईने, जोरात ओढायची सवय असेल तर आधी ती बदलून बघा. दुसरं यंत्र घ्यायचा खर्च कदाचित वाचेल.

मग डिस्प्लेवर ही घसरण का दिसत नाही? काही यंत्रांवर दिसते. १८५ चे १७८ होतात, परत चढतात. ज्यांच्यावर दिसत नाही ती दोन प्रकारची असतात. एक, सेन्सर इतका आत किंवा इतका मागे बसवलेला की त्याला झुरका कळतच नाही. दोन, सॉफ्टवेअर आकडा झाकतं. आमच्या धंद्यात औद्योगिक कंट्रोलरांवरही ही युक्ती जुनीच आहे. खरं तापमान ठरवलेल्या आकड्याच्या तीन-चार अंश आत आलं की डिस्प्ले ठरवलेला आकडाच दाखवत बसतो, म्हणजे गिऱ्हाइकाला हलणारे आकडे बघून धास्ती वाटू नये. वापराच्या दृष्टीने त्यात फारसं वाईट नाही, पण दगडासारखा स्थिर आकडा म्हणजे उत्तम नियंत्रण, असा निष्कर्ष काढू नका. झुरका घेताना पाच-सात अंश खाली-वर होणारा आकडा मला जास्त भरवशाचा वाटतो. तिथे निदान खरं काहीतरी दिसतंय.

उलट्या दिशेची चूकही असते. यंत्र तापायला लागलं की हीटर पूर्ण जोरावर असतो, आकडा गाठला तरी साठलेली उष्णता भिंतीला आणखी वर ढकलते. नीट जुळवलेला पीआयडी कंट्रोलर हे आधीच ओळखून जोर कमी करतो. साधा चालू-बंद पद्धतीचा कंट्रोलर ठरवलेल्या आकड्याच्या वर-खाली झोके घेत राहतो. १८५ ला दहा अंशांचा झोका फारसा नडत नाही. २१५-२२० ला नडतो. वनस्पतीतलं हेमिसेल्युलोज २२० अंशांच्या आसपास तुटायला लागतं. तिथून पुढे पाला करपण्याकडे जातो, घशाला झोंबतो, आणि धूर टाळण्यासाठी एवढं यंत्र घेतलं तो हेतूच बुडतो. वैद्यकीय प्रमाणपत्र असलेल्या जर्मन यंत्रांत कमाल तापमान २१० अंशांवर अडवलेलं असतं. यंत्राची चूक माहीत नसेल तर तुम्हीही त्याच्या वर जाऊ नका.

आता लक्ष्य आकड्याबद्दल. सगळा गोंधळ निम्मा तिथूनच येतो. १८५ तुम्ही कुठून घेतला ते मला माहीत नाही, पण इंटरनेटवर फिरणाऱ्या तक्त्यांत टीएचसीचा, म्हणजे गांजातल्या मुख्य परिणामकारक घटकाचा, उत्कलनबिंदू १५७ अंश असा छापलेला असतो आणि लोक त्यावर एकेक अंश तोलून यंत्र लावतात. तो १५७ हा आकडा वातावरणाच्या दाबाचा नाहीच. तो जवळजवळ निर्वातातला, पाऱ्याच्या मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांतल्या दाबाखालचा आहे. प्रयोगशाळेत असे जड रेणू शुद्ध करायचे तर दाब उतरवूनच ऊर्ध्वपातन करावं लागतं, नाहीतर उकळायच्या आधी ते विघटित होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या, म्हणजे निस्टमधल्या संशोधकांनी २०१७ साली या रेणूंचे बाष्पदाब मोजले. त्यावरून पुढे रेघ ओढली तर साध्या दाबाला टीएचसीचा उत्कलनबिंदू ४०० अंशांच्याही वर जातो. तुमच्या यंत्रात काहीच उकळत नाही. वाळत घातलेले कपडे शंभर अंशांवाचून सुकतात तसं इथे बाष्पीभवन चालतं, आणि ते तापमान, वेळ, हवेचा वेग आणि पाल्याचा चुरा या चारांवर मिळून ठरतं. म्हणून ‘१५७ ला हे सुटतं, १८० ला ते सुटतं’ अशा पायऱ्या प्रत्यक्षात नसतात. असतो तो चढ. दहा-पंधरा अंश वाढले की बाष्पदाब साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ हिशेब धरा. म्हणजे यंत्र पंधरा अंश थंड असेल तर तेवढंच औषध निघायला दुप्पट वेळ लागेल. ते निघणारच नाही असं नाही.

याचा प्रयोगशाळेतला दाखला बघा. स्वित्झर्लंडमध्ये बर्न विद्यापीठातल्या गटाने २०१६ साली पाच व्हेपोरायझर तपासले. त्यातले चार विजेचे होते: व्होल्केनो मेडिक, प्लेंटी, अरायझर सोलो आणि दाविंची. चारही २१० अंशांवर. पाल्यातल्या टीएचसीपैकी वाफेत किती सापडलं, तर यंत्रागणिक साधारण ५५ टक्क्यांपासून ८३ टक्क्यांपर्यंत. आकडा एक, निकाल इतके वेगळे. आणि सर्वांत वरचा नंबर सर्वांत महाग, जडशीळ व्होल्केनोचा आला नाही, जे टेबलावर ठेवून पंपाने वाफ फुग्यात भरतं. तो अरायझर सोलोचा होता, जो बॅटरीवर चालतो. म्हणजे माझा उष्णतेच्या साठ्याचा हिशेब खोटा ठरला का? नाही. तो हिशेब तापमान किती स्थिर राहतं ते सांगतो. शेवटी किती माल निघाला ते वेळेवर, हवेच्या वाटेवर, फुग्यात किंवा नळीत किती चिकटून राहिलं यावरही ठरतं. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी २००६ साली व्होल्केनो तपासलं तेव्हा फुग्यात सरासरी ५४ टक्के टीएचसी पोचलं होतं. संशोधकांना व्होल्केनो आवडतं ते ते सर्वांत जास्त काढतं म्हणून नव्हे. पंपाचा वेग ठरलेला असल्याने आज जे मिळालं ते उद्याही मिळतं, म्हणून.

आईंच्या औषधाच्या बाबतीत तुम्हालाही हेच हवं आहे. रोज तेवढंच मिळावं, मग डिस्प्लेवर १८५ असो की १९२.

तरी मोजून बघायचंच असेल तर घरी करता येतं, पण साधनं नीट हवीत. स्वयंपाकघरातली किंवा गाडीच्या गॅरेजमधली इन्फ्रारेड गन, म्हणजे न टेकवता दुरून तापमान सांगणारा मापक, इथे निकामी. चकचकीत स्टील स्वतःचे किरण फार कमी सोडतं आणि आजूबाजूचेच परावर्तित करतं, त्यामुळे गन २०० अंशांच्या भिंतीला सहज ८०-९० म्हणते. शिवाय तिचा ठिपका चेंबरच्या तोंडापेक्षा मोठा असतो, आणि मोजण्यासाठी झाकण उघडलंत की हवा वाहायची थांबते, म्हणजे जे मोजायचं तेच गेलं. कुणी सोल्डरचा तुकडा आत टाकून तो वितळतो का बघा असं सुचवलं तर ऐकू नका. ६३-३७ चं सोल्डर १८३ ला वितळतं हे खरं, पण त्यात शिसं आहे आणि ज्या चेंबरमधून माणूस श्वास घेतो तिथे शिशाला जागा नाही.

बारीक तारेचं, उघड्या मण्याचं के टाइप थर्मोकपल घ्या, तार पाव मिलिमीटर किंवा त्याहून बारीक. आवरण काचतंतूचं असावं. पीव्हीसीचं तापून विषारी धूर सोडेल. जाड स्टीलचा प्रोब नको, तो स्वतःच उष्णता बाहेर वाहून नेतो आणि कमी आकडा दाखवतो. हातात धरायचा साधा मीटर चालेल. आधी मीटर तपासा: चुरलेला बर्फ आणि थोडं पाणी, ढवळत राहा, शून्य यायला हवं. मग उकळतं पाणी. इथे लोक फसतात. तुमच्या कॅल्गरीला, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या जरा वर, पाणी ९६.५ अंशांच्या आसपास उकळतं. पुण्यात ९८ च्या थोडं वर. शंभर दिसले नाहीत म्हणून मीटरला दोष देऊ नका. आमच्या प्रयोगशाळेत या पट्ट्यासाठी इंडियम आणि कथील वापरतात. इंडियम १५६.५९८५ अंशांना गोठतं, कथील २३१.९२८ ला. व्हेपोरायझरचं जवळपास सगळं राज्य या दोघांच्या मध्ये येतं. घरी तेवढं कशाला. बर्फ आणि उकळी एका अंशात जुळली तर १८५ ला तुमचा मीटर दोन-तीन अंशांत असेल.

प्रयोगाला औषध वाया घालवू नका. वाळलेली कॅमोमाइलची फुलं किंवा पुदिना नेहमीइतकाच चुरून, नेहमीइतकाच दाबून भरा. थर्मोकपलचा मणी बरोबर मध्यावर, भिंतीला न टेकता. यंत्र १८५ ला लावा. ‘तयार’ झाल्यावर पहिला आकडा लिहा, मग दर पंधरा सेकंदांनी, झुरका न घेता, तीन मिनिटं. त्यानंतर तोंडाने न ओढता रबरी फुग्याच्या हातपंपाने किंवा मोठ्या सिरिंजने हवा खेचत परत लिहा. तार आत असताना स्वतः झुरका घेऊ नका. मग मणी भिंतीजवळ सरकवून तेच पुन्हा. मध्य आणि भिंत यांतला फरक कळला की तुमच्या यंत्राचा स्वभाव कळला. मला विचाराल तर छोट्या यंत्रात मध्य भिंतीच्या पंधरा-वीस अंश खाली दिसला, तरी मी ते बिघडलं असं म्हणणार नाही.

काही लोक या सगळ्याला कंटाळून डिस्प्ले नसलेल्या यंत्राकडे वळतात. डायनाव्हॅपसारख्या नळीच्या टोपीत द्विधातूची, म्हणजे दोन धातूंचे पत्रे जोडून केलेली, चकती असते. बाहेरून लायटरने तापवलं की ठरावीक तापमानाला ती ‘टिक’ करून उलटी वळते. त्या चकतीची पुनरावृत्ती चांगली असते. पण ज्योत टोपीच्या टोकाकडे धरली की मुळाकडे, यावर ‘टिक’ होईपर्यंत आतला पाला किती तापला ते बदलतं. आकडा नाही म्हणून प्रश्न सुटला असं होत नाही. वय झालेल्या माणसाच्या हातात ज्योत द्यायला मी तरी धजणार नाही.

तुमच्यासाठी व्यवहाराचं सांगायचं तर नियमित मात्रेसाठी टेबलावरचं यंत्र ठेवा. पाला तराजूवर तोलून भरा, चुरा दर वेळी सारखाच, पंप दर वेळी तितकाच वेळ चालवा. १८५ ला पाला एकसारखा मध्यम तपकिरी होत असेल आणि आईंना बरं वाटत असेल तर आकडा बदलू नका. छोटं यंत्र प्रवासासाठी ठेवा. ते थरथरल्यावर पाऊण-एक मिनिट थांबा, हळू ओढा, मध्ये एकदा पाला ढवळा. तरीही मध्यभाग हिरवा राहिला तर पाच-पाच अंशांनी वाढवत न्या आणि दोन्हींतला वापरलेला पाला शेजारी ठेवून रंग जुळवा. छोट्यावर १९५ किंवा २०० लावल्यावर रंग जुळला तर तोच तुमच्या घरचा विनिमयदर. मात्र एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना मिळणारं औषध बदलतं, हे डॉक्टरांना सांगून ठेवा. विशेषतः आई इतर गोळ्या घेत असतील तर. आणि जाळी व हवेची वाट दर आठवड्याला साफ करा. राप बसला की हवेचा वेग घटतो आणि वर मांडलेला सगळा हिशेब सरकतो. सहा महिन्यांनी ‘यंत्राचं तापमान बिघडलं’ म्हणून जी तक्रार येते, तिचं कारण पुष्कळदा जाळीतच सापडतं.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की दिवाळीला नाशिकला येताना छोटं यंत्र आणलं तर चालेल का. आणू नका. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने भारतात ई-सिगारेटवर बंदी आहे, आणि त्यातली व्याख्या निकोटिनपुरती नाही. कुठलाही पदार्थ तापवून श्वासावाटे घेण्यासाठी वाफ तयार करणारं विजेचं उपकरण, निकोटिन असो वा नसो, तिच्यात येतं. आयातही बंदीत आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वापरलेल्या चेंबरमध्ये गांजाचा राप असतो, आणि त्याला १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा, कायदा लागतो; कॅनडातल्या डॉक्टरांची चिठ्ठी त्यातून सोडवत नाही. नाशिकच्या मुक्कामात आईंनी दुखण्यासाठी काय घ्यायचं, ते निघण्याआधीच कॅल्गरीच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.